क्लच सोडण्याआधी

तुर्भे
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आदरणीय दादूमामा,
सादर नमस्कार.

जोतीराम आज कारखान्याची गाडी घेऊन मोरा बंदरावर येतो आहे. सुट्या भागांच्या खोक्यात, तुम्ही मागवलेल्या बेअरिंगच्या खाली, हे पत्र सापडेल. तुम्हाला फोन करून उपयोग नाही, कारण तुमचे कान आपल्याच कारखान्याच्या टेस्टिंग शेडमध्ये गेले. मेसेज पाठवावा तर तुम्ही चष्मा शोधता, आणि चष्मा सापडेपर्यंत फोन कुठेतरी ठेवून बसता. त्यापेक्षा आपली जुनी पद्धत बरी. शेडमध्ये इंजिनं धडधडत असताना तुम्ही कोणाला ओरडू द्यायचा नाहीत, जे काय असेल ते जॉबकार्डाच्या पाठीवर लिहायला लावायचात. अठरा वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटत होतं, हे गृहस्थ बोलतच नाहीत.

आता कामाचं. उधाण मरीन वर्क्सची वेबसाइट बदलायची आहे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मॅन्युअलं, माहितीपत्रकं आणि वेबसाइट हे सगळं खातं माझ्याकडे, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या पडणार? वेबसाइटचा मजकूर ज्या सिस्टीममध्ये भरतात, बदलतात आणि जपून ठेवतात, ती आपली सिस्टीम तेरा वर्षांची जुनी झाली. ती बनवणारे लोक ३१ मार्चपासून तिच्याकडे बघणार नाहीत. त्याआधी नवी निवडायची आणि सहा भाषांमधली सगळी पानं तिच्यात हलवायची. इंग्रजी, मराठी, गुजराती, मल्याळम, तमीळ, बंगाली. ज्या ज्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटींवर आपले विंच जाळी ओढतात, तिथल्या भाषा.

हलवण्याआधी मी पानं ताडून बघायला बसले. मराठीत एकेचाळीस परिच्छेद जास्तीचे निघाले. इंग्रजीत त्यांचा पत्ता नाही. कोणी लिहिले त्याची नोंद नाही, कोणाची मंजुरी नाही. 'ओहोटीला बोट उभी असेल तर', 'खाडीचा गाळ बसला असेल तर' असली वाक्यं. आपले इंजिनिअर असं लिहीत नाहीत. मला तुमचाच संशय आला.

यादी सोबत जोडली आहे. कोणते तुमचे, कोणते ठेवायचे, कोणते काढले तरी चालतील, एवढं कळवा. मामींना नमस्कार.

तुमची
वैजयंती


मोरा
शुक्रवार, १० जानेवारी

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

आता तू मोठी साहेब झालीस, मॅडम म्हणायला पाहिजे. पण जिला मी पाना आणि पक्कड यातला फरक दाखवला तिला मॅडम लिहिताना पेन पुढे सरकत नाही.

बेअरिंग पोचलं. ते गोटीरामच्या विंचसाठी. गोटीराम म्हणजे माझा लहानपणापासूनचा सोबती, इथला नाखवा, स्वतःची बोट आहे. त्याच्या बेअरिंगमध्ये खाडीचा गाळ शिरतो आणि चार महिन्यांत ते खाऊन टाकतो. मी ग्रीस बदलून पाहिलं, वॉशर बदलला, रबरी रिंग घातली. गाळ शिरायचा तो शिरतोच. कंपनीने मला निवृत्त केलं, या गाळाने काही केलं नाही.

तुझी यादी वाचली. मला त्यातलं काही आठवत नाही. मी फिटर माणूस, मी कशाला कॉम्प्युटरवर लिहायला जातो? कोणी टाइप करणाऱ्याने आपल्या मनाने घातलं असेल. किंवा कोणीच घातलं नसेल, कॉम्प्युटरचं काय सांगता येतं. इंग्रजीत नाही ना, मग काढून टाक. सगळंच काढ. पान स्वच्छ होईल.

दिलीप कसा आहे? अजून डिस्पॅचलाच बसतो ना? निवृत्त कधी होतो? आपलं सहज विचारलं.

आशीर्वाद,
दादू


तुर्भे
मंगळवार, १४ जानेवारी

आदरणीय दादूमामा,

तिळगूळ घ्या. आईच्या हातचा आहे, दाताला जपून. डबा परत पाठवताना रिकामा पाठवू नये हे मी सांगायला नको.

तुमच्या पत्राने माझं ओझं उतरलं. मला वाटत होतं, एकेक परिच्छेदासाठी तुमच्याशी भांडावं लागणार. आता निवड सोपी झाली. तीन सिस्टीम निवडून ठेवल्या होत्या, तुम्हाला गंमत म्हणून सांगते.

पहिलीत इंग्रजी पान हेच मूळ. त्यात काही बदललं की बाकीच्या पाच भाषांची पानं यंत्र आपोआप नवी करून देतं. तिथे कोणाला स्वतःचं वेगळं काही लिहायची सोयच नाही. दुसरी आपल्या जुन्या सिस्टीमसारखीच. सहा भाषांची सहा बिऱ्हाडं, एकाच्या घरात काय चाललंय ते दुसऱ्याला कळत नाही. तिसरीत पान कुठल्याही भाषेत जन्माला येऊ शकतं, म्हणजे आधी मराठीत लिहिलं आणि मग इंग्रजीत गेलं असंही चालतं. एका भाषेत बदल झाला की बाकीच्या पाच पानांवर लाल ठिपका येतो, आणि त्या भाषेचं माणूस बदल वाचून आपलं पान नीट करेपर्यंत तो जात नाही. मला ही आवडली होती. पण तिला प्रत्येक भाषेचं एक जबाबदार माणूस लागतं, आणि वेळ लागतो.

आशुतोष सर म्हणजे मालकांचे चिरंजीव, आता सगळं तेच बघतात. ते पहिलीवर खूश आहेत. डेमोमध्ये तासाभरात पाच भाषा तयार झाल्या. तुमचं पत्र आल्यावर मीही म्हटलं, पहिलीच घेऊ. ३१ जानेवारीला बैठक आहे, तिथे शिक्का बसेल.

सगळ्यात आधी विंचच्या पानावरची पहिलीच ओळ जाईल: 'क्लच सोडण्याआधी ड्रमला लोखंडी खुंटी घाला, मगच अडकलेल्या दोराला हात लावा.' इंग्रजीत खुंटीचं नावच नाही. तिथे सरळ आहे: क्लच सोडा, दोर मोकळा करा. आणि तुम्ही एकटेच नाही, सगळ्या भाषांमध्ये असली भर आहे. बंगाली पानावर तर चक्क सायकलच्या ट्यूबबद्दल काहीतरी लिहिलंय. विंचच्या पानावर सायकल. आम्ही हसून हसून दमलो.

दिलीप मजेत आहे. ऑगस्टमध्ये निवृत्त होईल. तुम्ही नाव काढलंत म्हणून आठवलं, पूर्वी वेबसाइटवर मजकूर तोच चढवायचा. त्यालाही विचारून घेते.

तुमची
वैजयंती


मोरा
शुक्रवार, २४ जानेवारी

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

मध्ये दोनदा गाडी येऊन गेली, मी पत्र दिलं नाही. तब्येत बरी आहे.

ती पहिली ओळ काढू नकोस. खुंटीची. बाकीच्या चाळीस काढल्यास तरी चालेल. कारण विचारू नकोस. आणि दिलीपलाही काही विचारू नकोस, त्याच्या मागे काय कमी व्याप आहेत.

डब्यात सोडे आहेत, कोळंबी घरीच सुकवलेली.

दादू


तुर्भे
मंगळवार, २८ जानेवारी

आदरणीय दादूमामा,

सोडे मिळाले. पण यावेळी मी तुमच्यावर रागावले आहे, ते सांगूनच टाकते.

दहा तारखेला लिहिता, मला काही आठवत नाही, सगळं काढ. चोवीसला लिहिता, एक ओळ ठेव, कारण विचारू नकोस. शुक्रवारी बैठकीत मी काय सांगू? मोऱ्याहून हुकूम आला आहे म्हणून? पहिल्या सिस्टीममध्ये मराठी पानावर एकटी अशी ओळ ठेवताच येत नाही. ती ठेवायची तर आधी इंग्रजीत घालावी लागेल, इंग्रजीत घालायची तर बदलाचा फॉर्म भरावा लागेल, आणि फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, कारण काय. तुम्हीच शिकवलंत मला, कारणाशिवाय बोल्टसुद्धा फिरवायचा नाही.

दिलीपला मी तुमचं पत्र यायच्या आधीच विचारलं होतं. त्याने हाताची घडी घातली आणि म्हणाला, "दादूला इचारा." आणि पुन्हा डिस्पॅचच्या कागदांकडे वळला.

मग काल मी स्वतःच शेडमध्ये गेले. म्हटलं, ओळीची गरज आहे की नाही ते आपणच बघू. नवा विंच टेस्टिंगला लावला होता. इंग्रजीत लिहिलंय तसंच केलं. क्लच सोडला, ड्रमवर गुंतलेला दोर हाताने मोकळा केला, खुंटीला हात लावला नाही. एकदा नाही, तीनदा केलं. काहीही झालं नाही. मामा, आता मी बैठकीत काय सांगणार, तुम्हीच सांगा.

शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर पहिली सिस्टीम नक्की होईल. मग माझा नाइलाज आहे.

वैजयंती


मोरा जेट्टी
मंगळवार, २८ जानेवारी, तिसरा प्रहर

वैजयंती,

जोतीरामला थांबवून ठेवलं आहे. त्याला जासईला कंटेनरच्या गाड्यांत अडकायची घाई झाली आहे. मी त्याला म्हटलं, चहा पी आणि गप बस.

आधी हे वाच. पुन्हा ड्रममध्ये हात घालायचा नाही. शेडमध्येसुद्धा नाही. तू तीनदा केलंस आणि काही झालं नाही, म्हणून तुला खात्री झाली. मीही तेच केलं होतं. मी दहादा केलं होतं.

इंग्रजीतली ती ओळ माझी आहे. २०११ साली पहिला विंच तयार झाला तेव्हा वापरायची पद्धत मी शेडमध्ये ठरवली, जॉबकार्डाच्या पाठीवर मराठीत लिहून दिली, इंजिनिअरने त्याचं इंग्रजी केलं. खाली सही माझी. क्लच सोडला की इंजिनाचा ड्रमशी संबंध तुटतो, मग ड्रमला कोण फिरवणार, असा माझा हिशेब. शेडमध्ये खरंच कोणी नसतं. समुद्रात असतं. जाळं पाण्यात असतं, ओहोटी ते ओढत असते. क्लच सोडला की तिला रान मोकळं मिळतं आणि ड्रम उलटा सुटतो. मी कोळ्याच्या पोटी जन्मलो, पाण्याची ओढ मला कोणी शिकवायला नको होती. पण कारखान्यात वीस वर्षं काढली आणि जमिनीवर उभा राहून पाण्याचं लिहिलं.

नोव्हेंबर २०१२. मोऱ्यातला पहिला विंच गोटीरामच्या बोटीवर बसवला, मीच बसवला. मीच शिकवलं, क्लच सोड आणि हात घाल. त्याने तसंच केलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात डॉक्टरपासून बायकोपर्यंत सगळ्यांना तो सांगत होता, "दोरान गुतली बोटां, माजाच ध्यान नव्हता." तेव्हा मला ऐकू यायचं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, सगळं ऐकलं आणि गप्प राहिलो.

ओळ बदलायची तर फॉर्म भरायचा, कारण लिहायचं. मला ते लिहिता आलं नाही. दिलीपला म्हटलं, मराठी पानावर एवढी एक ओळ चढव. त्याने कारण विचारलं नाही, चढवली. मग ती एकटी दिसू नये म्हणून मी आणखी कार्डं देत गेलो, गाळाचं, ओहोटीचं, ग्रीसचं. त्या एका ओळीला सोबत म्हणून बाकीच्या चाळीस लिहिल्या.

मराठी पान नीट झालं. बाकीच्या पाच भाषांत माझी जुनी ओळ तशीच आहे. बारा वर्षं. तिकडे कोणाच्या हाताला काय झालं असेल ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. याची मला फार लाज वाटते.

हे पत्र बैठकीत वाचून दाखव. दिलीपचं नाव टाळता आलं तर टाळ. माझं टाळू नकोस.

दादू


तुर्भे
मंगळवार, ४ फेब्रुवारी

आदरणीय दादूमामा,

तुमचं पत्र मी बैठकीत वाचलं. मधे एकदा थांबून पाणी प्यायले, बाकी सलग वाचलं. दिलीपचं नाव टाळलं होतं, पण उपयोग झाला नाही. डिस्पॅचच्या कामासाठी तो बैठकीला होताच. पत्र संपल्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "मी चढवली ती ओळ. परत सांगितली तर परत चढवीन." आणि बसला.

आशुतोष सरांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग त्यांनी मला विचारलं, पहिली सिस्टीम घेतली असती तर ही ओळ गेली असती का? मी म्हटलं, गेली असती, आणि चुकीची ओळ तासाभरात पाच भाषांत नव्याने गेली असती. मी स्वतः ती शिफारस लिहून आणली होती. फाईल समोरच होती. ती मी उलटी करून ठेवली.

नवी सिस्टीम येईपर्यंत थांबायचं नाही असं तिथेच ठरलं. त्याच दुपारी आम्ही चौघे फोनला बसलो आणि चारही किनाऱ्यांवरच्या विक्रेत्यांना खुंटीचं सांगितलं. जुन्या वेबसाइटवर सहाही भाषांत मोठ्या अक्षरांत सूचना चढली. इंग्रजीची दिलीपने स्वतः चढवली.

तुम्ही विचारलं नव्हतं ते मी विचारलं. गुजरातीवाले म्हणाले, आमचे खलाशी पान वाचतच नाहीत, आधीपासून ड्रमला दोराने बांधून घेतात. केरळात तिथल्या विक्रेत्याने तुमच्यासारखीच आपली एक ओळ पानावर घातलेली निघाली. बंगालमध्ये काही झालेलं नाही. तमीळ बाजूला एका खलाशाचं मनगट मोडलं होतं, चार वर्षांपूर्वी. आता तो पुन्हा बोटीवर जातो. कंपनीचं माणूस पुढच्या आठवड्यात त्याला भेटायला जात आहे. तुमच्यापासून लपवावं असं एकदा मनात आलं, पण लपवण्याने काय होतं ते आपण पाहिलं आहे.

सिस्टीम तिसरी ठरली. सहा भाषांची सहा माणसं नेमायची. मी एक अट जास्तीची घातली, ती सरांनी मान्य केली: वापरण्याच्या पद्धतीबद्दल काहीही लिहिलं, तर 'तपासणारा' म्हणून अशा माणसाचं नाव लागेल, ज्याने ते यंत्र पाण्यावर वापरलं आहे. कारखान्यातल्या माणसाचं चालणार नाही. ते नाव भरल्याशिवाय सिस्टीम पान पुढे जाऊच देणार नाही.

आणि हो. त्या दिवसानंतर मी सगळ्या भाषांमधल्या जास्तीच्या ओळी माणसांकडून नीट वाचून घेतल्या. ज्या सायकलच्या ट्यूबला आम्ही हसलो ती गाळासाठी आहे. त्यांच्या नदीच्या मुखाशीही असाच बारीक गाळ असतो. जुनी ट्यूब कापून बेअरिंगच्या तोंडावर ताणून बसवायची, वरून तारेने आवळायची, दर महिन्याला सोडून धुवायची. नऊ वर्षं हे बंगाली पानावर लिहिलेलं आहे मामा. करून बघा.

मला तुमच्यावर राग नाही. त्या दिवशी होता, तुमचं पत्र वाचलं आणि गेला. शेडमध्ये ज्या हाताने दोर सोडवला तो शाबूत आहे आणि त्याच हाताने हे लिहिते आहे, एवढं मला कळतं.

तुमची
वैजयंती


मोरा
मंगळवार, १८ मार्च

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

मध्ये महिना गेला. शिमग्यात कोणाच्याही हातात पाना टिकत नाही, माझ्याही टिकला नाही.

ट्यूब बसवली. माझ्याच जुन्या सायकलची, बायकोने खुणेने सांगितलं, बरं झालं, अंगणातली अडगळ गेली. महिन्याने काल खोलून बघितलं. बेअरिंग कोरडं, स्वच्छ, आत बोट फिरवलं तर गाळाचा कणही नाही. मी तीन वर्षं डोकं आपटत होतो. ज्याने ते लिहिलं त्या बंगाली माणसाला माझा नमस्कार कळव. त्याला म्हणावं, इथे एक म्हातारा तुझ्यावर जळतो.

गोटीराम विंचकडे बघून म्हणाला असावा काहीतरी चांगलं, कारण त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. अख्ख्या कंपनीला वाचून दाखवायला दिलं, पण शेजारच्या गल्लीत जाऊन सांगायचं होत नाही. रोज संध्याकाळी तो आणि मी बंदराच्या कट्ट्यावर बसतो. रोज ठरवतो. मग तो तंबाखू पुढे करतो आणि मी घेतो.

तमीळ खलाशाचं कळवलंस ते बरं केलंस. त्याचं नाव काय?

दादू


तुर्भे
मंगळवार, १ एप्रिल

आदरणीय दादूमामा,

त्याचं नाव सेल्वम. हात हलवून दाखवतानाचा त्याचा फोटो सोबत आहे.

काल नवी सिस्टीम सुरू झाली. परवा पाडव्याला सुट्टी असूनही आम्ही सगळे ऑफिसात होतो, श्रीखंडाचे डबे इथेच उघडले. जुन्या सिस्टीममधून निघालेलं कुठल्याच भाषेतलं जास्तीचं काही टाकलं नाही. एकेक परिच्छेद त्याच्या भाषेत 'मूळ' म्हणून ठेवला आणि बाकीच्या पाचांकडे पाठवला. पडद्यावर लाल ठिपके इतके होते की आशुतोष सर म्हणाले, गोवर आलाय का वेबसाइटला. आता रोज थोडे थोडे हिरवे होताहेत. मला सारखं जाऊन बघावंसं वाटतं.

विंचचं पान सगळ्यात आधी करायचं म्हणून बाजूला काढलं. त्यावर असं दिसतं: मूळ भाषा मराठी. लिहिणारा दादू, निवृत्त फिटर, मोरा. बंगाली, मल्याळम, तमीळ, गुजराती आणि इंग्रजी सगळी तयार आहेत. पण पान पुढे जात नाही. 'तपासणारा' हा रकाना रिकामा आहे, आणि माझ्याच अटीमुळे त्यात मला कोणाचंही नाव घालता येत नाही. पाण्यावर वापरलेलं माणूस हवं. कोणाचं ते तुम्हीच ठरवा. फॉर्म जोडला आहे, त्यावर त्या माणसाने पूर्ण ओळ वाचून सही करायची आहे.

मी नाव सुचवत नाही. पण फॉर्मबरोबर एक कोरं जॉबकार्ड ठेवलं आहे, कोणाला काही लिहून द्यावंसं वाटलं तर.

तुमची
वैजयंती


मोरा
शुक्रवार, ४ एप्रिल

चि. वैजयंतीस अनेक अनेक आशीर्वाद.

तू फार लबाड मुलगी आहेस. हे कौतुकाने लिहिलं आहे.

मंगळवारी फॉर्म मिळाला, बुधवारी खिशात घालून फिरलो, काल कट्ट्यावर गेलो. गोटीराम जाळं शिवत बसला होता. तंबाखू पुढे केली ती मी घेतली नाही. फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला आणि जे सांगायचं ते उभ्यानेच सांगितलं. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून फार मोठ्याने सांगितलं असणार. पलीकडच्या बोटीवरची माणसंसुद्धा वळून बघत होती. म्हटलं, ती पद्धत माझी होती, मी पाण्याचा विचार केला नाही, तुझी बोटं माझ्यामुळे गेली, आणि तू दवाखान्यात माझी चूक तुझ्या अंगावर घेतलीस तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

त्याने सुई खाली ठेवली. फॉर्म वाचला, बोट फिरवत, सावकाश. मग ते कोरं कार्ड घेतलं, डाव्या हाताच्या तीन बोटांनी मांडीवर दाबून धरलं आणि लिहायला लागला. गोटीराम सहसा लिहीत नाही. सहीपुरतं पेन धरतो. मी बाजूला उभा राहिलो, मला बसवेना.

त्याने लिहिलेलं तसंच्या तसं उतरवून देतो. 'मना ठाव हाय. तेरा साली रुतिकान मोबाइलवर पान वाचून दाकवला. खुंटी घाला, मंगच हात लावा. आयकला न समजलो, ह्यो दादू मनाच सांगतो. तवाच पावला. तू बोलशील म्हनून वाट बगत व्हतो.'

रुतिका म्हणजे त्याची मुलगी. तेव्हा शाळेत होती, आता तिचं लग्न झालं.

बारा वर्षं मी रोज त्याच्या शेजारी बसून लपवत होतो आणि तो रोज वाट बघत होता. मी कट्ट्यावर बसलो आणि रडलो, सगळ्यांसमोर. त्याने मला रडू दिलं. मग तंबाखू पुढे केली.

सही त्याने केली आहे, फॉर्म आत आहे. 'तपासणारा' या रकान्यात लिही: गोटीराम, नाखवा, मोरा. खाली 'कधी तपासलं' म्हणून तारीख विचारली आहे, तिथे कालची घालू नकोस. नोव्हेंबर २०१२ घाल. सिस्टीम घेत नसेल तर तिला घ्यायला लाव, तू निवडली आहेस ना ती.

सगळ्या पानांवरचे ठिपके हिरवे झाले की सेल्वमलाही कळव. आणि ते कार्डही फॉर्मबरोबर पाठवतो आहे, आशुतोष साहेबांना आणि दिलीपला दाखव. पण दाखवून झालं की मंगळवारच्या गाडीने परत पाठव, खोक्यात वरच ठेव, बेअरिंगखाली नको. ग्रीस लागेल. ते मला घरी ठेवायचं आहे.

आशीर्वाद,
दादू